साडूंनी पॅकेज घेतलं, म्हणून आपणही घ्यावं का?

पत्राचा सारांश: लातूर जिल्ह्यातल्या एका वाचकांचं आडत दुकान आहे, वय पन्नाशीच्या पुढे. लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून दिवाळीनंतर पत्नी आणि 19 वर्षांच्या मुलीसह सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जायचं ठरलं आहे. सिंगापूर, पेनांग, फुकेट आणि परत. तिघांची एकच खोली. साडूंचं कुटुंब शेजारच्या खोलीत. टूरवाल्यानं सांगितलं, की जहाजावर पाण्यापासून सगळं विकत घ्यावं लागतं, त्यापेक्षा दारूचं पॅकेज घ्या, म्हणजे ठरलेली रक्कम एकदाच भरून हवी ती पेयं घेता येतात. दर माणशी रोज 70 डॉलर, आणि एका खोलीतल्या दोघांनाही घ्यावं लागेल. नवराबायकोचे मिळून 50 हजारांच्या आसपास. पत्नी दारूला शिवत नाहीत, त्या या नियमावर चिडल्या आहेत. वाचक स्वतः जेवणाआधी दोन पेग घेतात, सुटीच्या दिवशी कधी दुपारी बिअर. साडूंनी त्यांचं पॅकेज घेऊन टाकलं आणि आता रोज फोन करतात: "कशाला एवढं मोजायलाव? एकदाच भरा अन् बिनधास्त राहा." प्रश्न असा, की पॅकेजचे पैसे वसूल होतील का? आणि नाही घेतलं तर तिथं बिल हाताबाहेर जाईल का? शिवाय, त्यांच्याच शब्दांत, "पाहुण्यांत चिकट ठरू ते वेगळंच."

नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पैसे वसूल होतील का, बिल फुगेल का, आणि साडू काय म्हणतील. पॅकेज हे तिन्हींचं एकच औषध म्हणून तुमच्यापुढे ठेवलं गेलंय. तिन्ही सुटे केले तर उत्तरंही वेगवेगळी निघतात, आणि स्वस्तातली निघतात.

आधी पाण्याचं, कारण तिथूनच तुम्हाला घाबरवलंय. आपल्याकडे उन्हाळ्यात जारचं पाणी विकत घ्यायची इतकी सवय झालीय, की समुद्राच्या मधोमध पाणीही विकतच असणार हे कुणालाही पटतं. पण मोठ्या प्रवासी जहाजांवर समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून गोडं पाणी तयार करतात. काही पाणी बंदरात भरून घेतात. ते क्लोरिन घालून शुद्ध केलेलं असतं आणि पिण्यायोग्य असतं. बफेतल्या नळावर आणि जेवणाच्या मुख्य हॉलमध्ये ते फुकट मिळतं. विकत असते ती सीलबंद बाटली. घरून प्रत्येकी एक लिटरची रिकामी बाटली न्या आणि बफेत भरून घ्या, पाण्याचा खर्च शून्य.

पाण्याखेरीज साधा चहा, साधी मशीनची कॉफी, लिंबाचं सरबत, आइस टी, दूध आणि सकाळच्या नाश्त्याला रस, एवढं बहुतेक जहाजांवर भाड्यातच असतं. रस बहुधा अर्कापासून केलेला असतो, आपल्याकडच्या गाड्यावरच्या ताज्या मोसंबी ज्यूसची चव त्यात शोधू नका. चहा टी-बॅगचा, दूध वेगळं. ज्यांना उकळलेला, आल्याचा चहा लागतो त्यांनी प्रीमिक्सची पाकिटं न्यावीत, गरम पाणी बफेत मिळतं. घरची विजेची किटली मात्र नेऊ नका, आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजं ती काढून घेतात. पैसे लागतात ते कॅनमधल्या कोल्ड्रिंकला, कॅपुचिनोसारख्या कॉफीला, ताज्या रसाला, मॉकटेलला आणि दारूला.

आता हिशेब. किमती जहाजागणिक आणि सफरीगणिक बदलतात, म्हणून मी नमुन्याचे पण वास्तवाजवळचे आकडे धरतो. तुमच्या जहाजाचे आकडे हाती आले की त्यांच्या जागी टाका, रीत तीच.

टूरवाल्यानं 70 डॉलर गुणिले दोन माणसं गुणिले चार रात्री असे 560 डॉलर काढले. डॉलर 88 रुपयांचा धरला तर 49,280 रुपये, म्हणजे तुमचे 50 हजार. त्याच्या आकड्यात टिप धरलेली नाही. बहुतेक कंपन्या पॅकेजच्या किमतीवर 18 ते 20 टक्के टिप आपोआप लावतात, आणि ती पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर दिसते. 18 टक्के धरली तर 70 चे 82.60 होतात आणि दोघांचे चार रात्रींचे 58,150 रुपये. जहाजाच्या नोकरवर्गाची रोजची टिप माणशी वेगळी असते, ती यात नाही.

दुसरी गोष्ट टूरवाला विसरला असेल किंवा त्यानं नंतरसाठी ठेवली असेल. तुमची मुलगी. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल यांसारख्या कंपन्यांचा नियम असा, की एका खोलीतल्या एका प्रौढानं दारूचं पॅकेज घेतलं तर दारूच्या कायदेशीर वयात बसणाऱ्या बाकी सगळ्यांनीही ते घ्यायचं. अमेरिकेतून निघणाऱ्या सफरींवर हे वय 21 असतं. सिंगापुरात दारूचं वय 18 आहे, आणि आशियातून निघणाऱ्या अनेक सफरींवरही 18 च धरतात. आपल्या महाराष्ट्राची 21 आणि 25 ची अट तिथं लागू नाही. मुलगी पिते की नाही हा प्रश्नच येत नाही. वय बसलं की ती मोजली गेली. तिघांचे झाले रोजचे 247.80 डॉलर, चार रात्रींचे 87,226 रुपये. टूरवाल्याला हा एक प्रश्न आजच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

नियमामागचं कारण उघड आहे. एकानं घ्यायचं आणि खोलीतल्या तिघांनी प्यायचं, हे कंपनीला थांबवायचंय. पण त्याचा भुर्दंड तुमच्यासारख्या घरांना बसतो. हुरडा पार्टीला माणशी पैसे घेतात, कुणी किती खाल्लं ते बघत नाहीत, हे आपल्याला मान्य असतं. पण घरी थांबलेल्या सासूबाईंचे पैसे तिथं कुणी मागत नाही. तुमच्या पत्नींचा राग अगदी रास्त आहे.

आता पॅकेज न घेता काय खर्च येईल ते बघू. सुटी आहे म्हणून सढळ हातानं धरतो. तुमच्या रोजच्या दोन बिअर, दोन पेग आणि एक चांगली कॉफी. बिअर 8 डॉलर, पेग 12, कॉफी 5, आणि प्रत्येकावर 18 टक्के टिप. होतात 53.10 डॉलर. पत्नींची एक कॉफी, 8 डॉलरचं एक मॉकटेल आणि साडेतीन डॉलरची पाण्याची बाटली (न्यायची रिकामी बाटली विसरली असं समजू), मिळून 19.47. मुलीचं एक मॉकटेल आणि 4 डॉलरचं कोल्ड्रिंक, 14.16. तिघांचे रोजचे 86.73 डॉलर, चार दिवसांचे 30,529 रुपये.

म्हणजे एका बाजूला साडेतीस हजार, दुसरीकडे 87 हजार. मुलीचं वय त्या सफरीत मोजलं जात नसेल तर तिचं पिणं सुटं धरून 58 हजार अधिक पाच हजार. तरीही दुप्पट.

उलट्या बाजूनं मोजलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. तुमची कॉफी आणि पत्नींचं पिणं तेवढंच ठेवलं, तर दोन पॅकेजं वसूल व्हायला तुम्हाला एकट्याला रोज दहा पेग घ्यावे लागतील. तीन पॅकेजं असतील तर, मुलीचं पिणंही तेवढंच धरून, जवळपास पंधरा. जहाजावरचा पेग साधारण 30 ते 45 मिलिलिटरचा असतो, म्हणजे दहा पेग झाले 300 ते 450 मिलिलिटर, रोज. तुमची सवय दोन पेगची आहे. हा सौदा तुमच्यासाठी बनलेलाच नाही.

आणि यातले दोन दिवस जहाज बंदरात आहे. पेनांगला उतरलात, जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात फिरलात, तिथला जायफळाचा रस किंवा तेह तारिक (तिथला दुधाचा चहा) प्यायलात, फुकेटला शहाळं घेतलं, तर ते पैसे खिशातून जाणार आणि जहाजावरचं पॅकेज तेवढा वेळ नुसतं चालू राहणार. पॅकेज मधल्या एखाद्या दिवसापुरतं मिळत नाही, पूर्ण सफरीचंच घ्यावं लागतं. सात रात्रींच्या सफरीत चार दिवस समुद्रातच असतील तर गणित बदलतं. पेनांग-फुकेटला तेवढा वेळ जहाजावर जातच नाही.

मग साडू चुकले का? तसंही नाही. त्यांच्या खोलीत दोघंही घेणारे असतील, दिवसभर स्विमिंग पुलाच्या काठावर बिअर, दुपारी कॉफी, जेवताना वाइन, रात्री दोन कॉकटेल असा बेत असेल, तर 82.60 डॉलर माणशी सहज वसूल होतात. एकट्याच्या हिशेबानं सहा पेगांच्या आसपास बरोबरी होते, आणि कॉफी-कोल्ड्रिंक त्यात बसत असल्यानं प्रत्यक्षात त्याहून कमीत. शिवाय बंडलचा भाग असतो. काही कंपन्या पॅकेजमध्ये वायफाय आणि रोजची टिपही घालतात, प्रिन्सेस या क्रूझ कंपनीचं 'प्लस' तसं आहे. तिथं वायफाय आणि टिप तुम्ही एरवीही भरणारच असाल तर ती रक्कम वजा करून उरलेल्या पैशांत दारू किती पडते ते पाहायचं. तिकिटासोबत पॅकेज "फुकट" असं लिहिलेलं दिसलं तर टिपेची ओळ शोधा. फुकट पॅकेजवरची टिप बहुधा तुम्हीच भरता, आणि ती मूळ किमतीच्या टक्क्यांत असते.

साडूंनी एक नियम जरूर वाचावा. पॅकेजवरचं पेय दुसऱ्याला देता येत नाही. आपल्याकडे बैठकीत एकानं सगळ्यांसाठी मागवायची पद्धत असते, ती तिथं चालत नाही. एका वेळी एका कार्डावर एकच ग्लास मिळतो आणि पुढच्या ग्लासासाठी काही मिनिटं थांबावं लागतं. त्यांनी प्रेमानं तुमच्यापुढे ग्लास सरकवला आणि ते कुणाच्या लक्षात आलं, तर त्यांचंच पॅकेज परताव्याशिवाय रद्द होऊ शकतं. "अनलिमिटेड" या शब्दालाही हद्द असते. कार्निव्हलच्या पॅकेजात 24 तासांत दारूचे 15 ग्लास. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या पॅकेजात ग्लासामागे 14 डॉलरपर्यंतचं पेय बसतं, त्यावरचा फरक भरायचा. खोलीतला मिनीबार आणि वाइनची अख्खी बाटली सहसा बाहेरच, आणि जहाजावरच्या बाहेरच्या ब्रँडच्या कॉफी-दुकानाचंही विचारून घ्यावं.

मधला मार्ग आहे का? आहे, पण तुमच्या घरासाठी तोही महाग पडतो. काही कंपन्या फोन करून विनंती केली तर न पिणाऱ्या जोडीदाराला दारूऐवजी बिनदारूचं पॅकेज घेऊ देतात. कॉफी, मॉकटेल, ताजा रस, कोल्ड्रिंक, बाटलीचं पाणी त्यात येतं. ही सवलत आहे, हक्क नाही. ते 30 डॉलरचं धरलं तर टिपेसह 35.40, आणि तुमचं 82.60. दोघांचे 118 डॉलर रोज, सुटं घेतलं तर 72.57. औषधांमुळे किंवा धर्मामुळे दारू वर्ज्य असेल तर हे विचारायला अजिबात संकोच करू नये, फक्त सफरीआधी विचारावं.

मुलीसाठी नुसत्या कोल्ड्रिंकचं पॅकेज सुचवलं जाईल. दिवसाला चार-पाच कॅन पिणारं पोर असेल तरच घ्या.

एक जुगाड कानावर येईल तोही सांगून टाकतो. कागदावर खोल्या बदलायच्या. पिणारे दोन साडू एका खोलीत, दोघी बहिणी आणि मुलगी दुसरीत. नियमात ते बसतं, आणि दोघी बहिणी गप्पांच्या ओढीनं खरंच तयार होतील. पण आपत्कालीन कवायतीची जागा, चावीकार्ड, बिलाचं खातं सगळं खोलीला जोडलेलं असतं. प्रत्यक्षात तसं राहणार असाल तरच करा. तरीही तुमच्या दोन पेगांना पॅकेज परवडत नाही ते नाहीच.

आता बिलाची धास्ती. माझ्या मते तुम्हाला खरं हवंय ते हे: शेवटच्या सकाळी हातात कागद पडल्यावर धक्का बसू नये. त्याला पॅकेज लागत नाही. जहाजावर रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं, म्हणूनच भान सुटतं. चढल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जा आणि खात्याला खर्चाची मर्यादा घालून घ्या. मुलीच्या कार्डाला वेगळी मर्यादा घालता येते किंवा खरेदीच बंद ठेवता येते. रोज रात्री जहाजाच्या ॲपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर चालू बिल पाहा. सोयाबीनची पट्टी पैशापर्यंत तपासणाऱ्याला हे जड नाही. तुमच्यासाठी मी 350 डॉलरचा आकडा सुचवेन, वरच्या सढळ हिशेबाएवढाच.

खात्याला कार्ड जोडताना डेबिट कार्ड टाळा. जहाज अंदाजानं रक्कम अडकवून ठेवतं आणि ती सुटायला बरेच दिवस लागतात, तोवर खात्यातले पैसे असून नसल्यासारखे. क्रेडिट कार्ड असेल तर परदेशी व्यवहारावर बँक किती टक्के लावते ते आधी विचारा, साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं. तिथं मशीननं "रुपयांत भरायचे का?" विचारलं तर नाही म्हणा. त्या रूपांतराचा दर जवळपास नेहमी महाग असतो.

पेयांचा खर्च आणखी उतरवायचा असेल तर रोजचं खास कॉकटेल स्वस्त असतं ते पाहा. बिअर बादलीनं, म्हणजे पाच-सहा बाटल्या एकत्र घेतल्या तर बाटलीमागे कमी पडते. घरून बाटली न्यायचा विचार करू नका. काही कंपन्या पहिल्या दिवशी प्रौढ माणसामागे 750 मिलिलिटरची एक वाइनची बाटली नेऊ देतात, काही तीही नाही. व्हिस्की, रम स्कॅनरमध्ये दिसते आणि अडकवून ठेवतात. बंदरातल्या ड्यूटी फ्री दुकानात घेतलेली बाटलीही जहाजावर जमा करतात आणि सफर संपताना परत देतात. ती घरी आणायला ठीक आहे, भारतात माणशी दोन लिटरपर्यंत सवलत आहे.

औषधांचं एक सांगायलाच हवं. घाटातल्या प्रवासाची सवय म्हणून आपल्याकडे एव्होमिनची पट्टी सोबत असतेच, आणि समुद्रात ती लागूही शकते. तिनं गुंगी येते, वर दारू घेतली की गुंगी फार वाढते. गोळी घेतली त्या दिवशी पेग नाही. पत्नींना साखरेचा त्रास असेल तर मॉकटेलमध्ये बरंच सिरप असतं, मागतानाच कमी टाकायला सांगा, बारवाले ऐकतात.

एवढं करूनही तुमचं मन पॅकेजकडे ओढत असेल, तर जहाजावर चढायची वाट पाहू नका. बहुतेक कंपन्यांचं पॅकेज सफरीआधी ऑनलाइन स्वस्त असतं, आणि दर खालीवर होत राहतो. आधी घेतलेलं सफरीच्या काही दिवस आधीपर्यंत रद्द करून कमी दरानं पुन्हा घेता येतं. त्यासाठी बुकिंग नंबर तुमच्या हातात हवा. टूरवाले तो द्यायला टाळाटाळ करतात, आग्रह धरा. एकदा सफर सुरू झाली की पॅकेज रद्द होत नाही. मुंबईहून गोव्याला दोन रात्रींच्या क्रूझला जाणाऱ्या वाचकांनीही हीच रीत वापरावी, फक्त दरात कर धरलाय की वेगळा ते आधी विचारून घ्यावं.

राहिले साडू. त्यांना जहाजावर नव्हे, आत्ताच सांगून टाका, की "आम्ही सुटं घेणार, आमच्याकडे पिणारा एकच आहे आणि नियमानं पैसे तिघांचे जातायत." आकडा सांगा. 87 हजार ऐकल्यावर कुणी चिकट म्हणत नाही, उलट ते स्वतःच्या खोलीचं बिल काढून बघतील. पहिल्या संध्याकाळी एक फेरी तुमच्या कार्डावर करा, म्हणजे त्यांच्या पॅकेजला हात न लावता मान राखला जाईल. पत्नींनाही सांगा की त्यांचे पैसे भरत नाही. 25 वर्षांच्या सफरीची सुरुवात चिडचिडीनं व्हायला नको.

उतरायच्या आदल्या रात्री पूर्ण बिल ॲपवर ओळीनं वाचा. न घेतलेलं पेय, दोनदा लागलेली टिप, मिनीबारचा कॅन, चुका याच असतात. त्या रात्रीच काउंटरवर दाखवा. सकाळी उतरताना तिथं लांबलचक रांग असते, आणि घरी आल्यावर ईमेलनं भांडण्यात महिने जातात.